देवमासा, व्हेल आणि माऊसची वाट: मनातली ओढाताण मोजायची कशी

पडद्यावर खाली मधोमध एक बटण. वर डाव्या कोपऱ्यात ‘सस्तन’, उजव्या कोपऱ्यात ‘मासा’. बटण दाबलं की शब्द उमटतो: घोडा. माणूस कर्सर जवळपास सरळ रेषेत डावीकडे नेतो आणि चौकटीवर टेकवतो. पुढचा शब्द: देवमासा. उत्तर पुन्हा ‘सस्तन’च आणि तेही बरोबर. पण या वेळी कर्सर जरा उजवीकडे झुकून निघतो, ‘मासा’च्या अंगाने वर चढतो आणि निम्म्या वाटेवर डावीकडे वळतो. नुसती उत्तरं तपासली तर दोघांना सारखेच गुण. वाट पाहिली तर दुसरं उत्तर सुखासुखी आलेलं नाही, हे कळतं.

या निरीक्षणावर ‘माऊस-ट्रॅकिंग’ ही एक अख्खी संशोधनपद्धती उभी आहे. 2005 साली मायकेल स्पायव्ही, मार्क ग्रोजाँ आणि ग्युंटर क्नोब्लिख यांनी दाखवलं, की ‘कँडल’ हा शब्द ऐकून मेणबत्तीच्या चित्राकडे निघालेला माऊस समोर ‘कँडी’चं चित्र असेल तर त्याच्याकडे ओढला जातो, ‘जॅकेट’चं असेल तर तितका जात नाही. 2007 साली रिक डेल आणि सहकाऱ्यांनी तोच डाव प्राण्यांच्या वर्गीकरणावर लावला. त्यांच्या यादीत 19 प्राणी होते: 13 सरळसोट आणि 6 फसवे. फसव्यांत व्हेल आणि वटवाघूळ होते. 2010 साली जोनाथन फ्रीमन आणि नलिनी अंबाडी यांनी ‘माऊसट्रॅकर’ हे फुकट सॉफ्टवेअर दिलं आणि ही पद्धत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत घरोघरची झाली.

यामागचं कारण साधं आहे. ‘आधी निर्णय, मग हात’ असं शरीरात घडत नाही. निर्णय शिजत असतानाच हात निघालेला असतो आणि अर्धवट शिजलेला निर्णय वाटेत सांडत जातो. मात्र एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवा. माऊसची एकटी वाट काहीही सांगत नाही. वाकडी वाट मनातल्या द्विधेमुळे येते, तशी ती खडबडीत टेबलामुळे, लॅपटॉपच्या टचपॅडमुळे किंवा लांबलचक शब्दामुळेही येते. दोन परिस्थितींत बाकी सगळं सारखं ठेवून वाटांमध्ये फरक पडला, तरच त्या फरकाला अर्थ असतो. खालची सगळी खटपट ‘बाकी सगळं सारखं’ ठेवण्यासाठीच आहे.

प्रश्न ठरवा, आणि तो मराठीत ठरवा

इंग्रजीतला प्रयोग उचलून शब्द मराठी केले की झालं, असं वाटतं. इथेच पहिली ठेच लागते. इंग्रजी ‘व्हेल’ या शब्दात मासा नाही. मराठी नावात तो स्पष्ट बसलेला आहे. फुलपाखराच्या नावात पाखरू आहे आणि शहामृगाच्या नावात मृग. म्हणजे कीटक की पक्षी, पक्षी की सस्तन, हे ठरवताना नावच चुकीच्या बाजूला ओढतं. उलट खवले मांजर दिसतं सरपटणाऱ्या प्राण्यासारखं, पण नाव बरोबर बाजूला ओढतं. वटवाघळाच्या नावात तर अक्षरं जुळून ‘वाघ’च दिसतो, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

त्यामुळे मराठीत वेगळा, जास्त रंगतदार प्रश्न विचारता येतो: ओढ प्राण्याच्या रूपाची आहे की नावाची? हे तपासायला एकाच प्राण्याची दोन नावं घ्या. निम्म्या लोकांना ‘देवमासा’ दाखवा, निम्म्यांना ‘व्हेल’. प्राणी तोच, चौकटी त्याच, फक्त नाव बदललं. ‘शहामृग’ आणि ‘ऑस्ट्रिच’, ‘पाणघोडा’ आणि ‘हिप्पो’ याही जोड्या चालतात. पाणघोड्याचं नाव बरोबर बाजूला ओढतं, म्हणून ती उलटतपासणीची जोडी. एकाच माणसाला दोन्ही नावं दाखवू नका. पहिलं उत्तर दुसऱ्याला रस्ता दाखवतं.

यादी साधारण 40 नावांची करा. त्यात फसवी 10 ते 12 पुरेत, बाकीची सरळ असू द्या: गाय, ससा, वाघ, चिमणी, कावळा, घार, बांगडा, सुरमई, रावस, नाग, सरडा, मगर. फसवी नावं जास्त झाली की माणूस सावध होतो, प्रत्येक शब्दाला थबकतो आणि सगळ्याच वाटा एकसारख्या होतात. प्रत्येक नाव दोनदा दाखवलं तर 80 फेऱ्या होतात. एका फेरीला चार सेकंद धरले तर साडेपाच मिनिटांच्या आत काम आटोपतं. वीस मिनिटांच्या पुढे हात कंटाळतो आणि डोकंही.

‘देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे’ हे वाक्य शाळेत पाठ झालेलं असतं, याचाही विचार हवा. पाठांतराचं उत्तर झटकन येतं, ओढाताण कमी दिसते. म्हणून शेवटी एक छोटी प्रश्नावली ठेवा: प्रत्येक नाव किती ओळखीचं, 1 ते 5. इंग्रजी माध्यमात शिकलेल्याला ‘व्हेल’ जवळचा आणि ‘देवमासा’ दूरचा असू शकतो. तो फरक नावातल्या ‘मासा’च्या माथी मारू नये.

पडद्याची मांडणी

1920 बाय 1080 पिक्सेलचा पडदा धरू. सुरुवातीचं बटण खाली मधोमध, केंद्र डावीकडून 960 आणि वरून 1000 पिक्सेलवर. उत्तरांच्या चौकटी वरच्या कोपऱ्यांत, डावीचं केंद्र डावीकडून 150 आणि वरून 100 वर, उजवीचं त्याच्या आरशातल्या जागी. चौकट 240 बाय 140 ठेवा. बटणापासून चौकटीपर्यंत आडवं अंतर 810, उभं 900, म्हणजे सरळ रेषेत सुमारे 1211 पिक्सेल. ही संख्या पुढे दोनदा लागणार आहे.

चौकटी लहान केल्या की शेवटी नेम धरावा लागतो आणि वेग मंदावतो. लक्ष्य लहान आणि लांब असेल तर हाताला वेळ जास्त लागतो, हा पॉल फिट्सने 1954 साली मांडलेला नियम आहे. त्यामुळे दोन्ही चौकटी काटेकोर सारख्या हव्यात. ‘सरपटणारा प्राणी’ असं लेबल एका बाजूला आणि ‘मासा’ दुसऱ्या बाजूला ठेवलं तर लांब शब्द वाचायला जो वेळ जातो तोच मोजला जाईल. ‘सस्तन’, ‘मासा’, ‘पक्षी’, ‘कीटक’ असे आटोपशीर शब्द ठेवा. चौकटींतली लेबलं प्राण्याच्या नावाआधी दोन सेकंद दाखवा, म्हणजे वाचण्याचा वेळ वाटेत मिसळत नाही.

‘सस्तन’ कायम डावीकडे ठेवू नका. निम्म्या फेऱ्यांत डावीकडे, निम्म्यांत उजवीकडे. उजव्या हाताने माऊस धरणाऱ्याचं मनगट दोन्ही बाजूंना सारखं वळत नाही, म्हणून डाव्या-उजव्या वाटा मुळातच थोड्या वेगळ्या असतात.

आणि देवनागरीची जुनी दुखणी. काही प्रयोग-सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षर फुटतं, वरचा अनुस्वार कापला जातो. ‘चिमणी’ची ‘च िमणी’ झाली की वाचणारा अडखळतो आणि तुम्ही मोजता त्याचं अडखळणं. सोपा उपाय म्हणजे सगळी नावं एकाच फाँटमध्ये, एकाच आकाराच्या चित्रफायली करून ठेवायची आणि सॉफ्टवेअरला अक्षरांऐवजी चित्रं द्यायची.

सुरुवात: इथे निम्मे प्रयोग वाया जातात

बटण दाबलं, शब्द दिसला. आता हुशार माणूस काय करील? माऊस जागच्या जागी धरून विचार करील आणि उत्तर पक्कं झालं की सरळ रेषेत चौकटीकडे जाईल. सगळी ओढाताण बटणावरच उरकली, वाटेत काही सांडलंच नाही. तुमच्या हाती येतात 80 सरळ रेषा आणि ‘परिणाम आढळला नाही’ असा निष्कर्ष.

यावर तीन तोडगे वापरात आहेत. पहिला, नुसती सूचना: ‘बटण दाबताच वरच्या दिशेने निघा.’ हा सर्वांत कच्चा, दहाव्या फेरीपर्यंत लोक सूचना विसरतात. दुसरा, वेळेची मर्यादा: शब्द दिसल्यापासून 300 ते 400 मिलिसेकंदांत कर्सर हलला नाही तर फेरी संपल्यावर ‘थोडं लवकर निघा’ असा संदेश. फेरी चालू असताना मध्येच संदेश झळकवू नका, वाट तिथेच मोडते. तिसरा, चालता शब्द: बटण दाबल्यावर शब्द दिसतच नाही. कर्सर किमान 50 पिक्सेल वर सरकला की मगच तो उमटतो. भोज्ज्याला हात लावून पळायला सुरुवात केल्यावरच पुढचं कळणार, असा हा खेळ. त्यामुळे विचार करायचा तो पळता पळताच करावा लागतो.

श्टेफान शेर्बाउम आणि पास्कल कीस्लिख यांनी 2018 साली सुरुवातीच्या पद्धतींची तुलना केली. सुरुवात कशी करायला लावली यावर वाटांचा आकार बदलतो, हे त्यांनी दाखवलं. आमचा कौल तिसऱ्या पद्धतीला. लोकांना ती पहिल्या चारपाच फेऱ्यांत विचित्र वाटते, म्हणून 10 फेऱ्या सरावाच्या ठेवा आणि त्यांत प्राण्यांऐवजी दुसरंच काही द्या, उदाहरणार्थ फळं आणि भाज्या.

पद्धत कोणतीही निवडा, ती सगळ्यांसाठी एकच हवी. निम्मे लोक एका खोलीत ‘सावकाश करा’ ऐकून आणि निम्मे दुसऱ्या खोलीत ‘पटापट करा’ ऐकून बसले, तर तुम्ही सूचना देणाऱ्याचा स्वभाव मोजला.

माऊस, आणि विंडोजमधली एक खूण

लॅपटॉपचं टचपॅड चालत नाही. बोट उचलून पुन्हा टेकवावं लागतं आणि वाटेचे तुकडे पडतात. तारेचा साधा ऑप्टिकल माऊस, एकरंगी चटई आणि कोपर टेकेल एवढी जागा, इतकं पुरतं. सगळ्यांसाठी एकाच मॉडेलचा माऊस हवा.

आता ती खूण. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, मग माऊस, मग पॉइंटर ऑप्शन्स. तिथे ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ असं गोंडस नाव असलेली एक खूण असते आणि ती सहसा आधीच केलेली असते. ती काढून टाका. ती असताना हात जोरात हलवला तर कर्सर जास्त लांब जातो आणि हळू हलवला तर कमी. म्हणजे हाताने टेबलावर काढलेली रेषा आणि पडद्यावरची रेषा यांचं नातंच बदलत राहतं. घाईने निघून मग सावरणाऱ्या माणसाची वाट यात उगाचच फुगते.

त्याच खिडकीत वेगाची पट्टी आहे, 11 खाचांची. मधली, म्हणजे सहावी खाच असेल आणि वरची खूण काढलेली असेल, तर माऊसचा एक ठोका म्हणजे पडद्यावर एक पिक्सेल. माऊस 1000 डीपीआयचा असेल, म्हणजे एका इंचात 1000 ठोके देत असेल, तर आपले 1211 पिक्सेल कापायला हात फक्त 3 सेंटिमीटर हलतो. 1600 डीपीआयचा असेल तर 2 सेंटिमीटरपेक्षाही कमी. मनगटाचा एक हिसका दिला की उत्तर आलं, मग त्यात मन कुठे दिसणार? चौथ्या खाचेवर वेग निम्मा होतो आणि तेच अंतर 6 सेंटिमीटरचं होतं. एवढ्या प्रवासात वळायला जागा मिळते. याहून मंद केलं तर माऊस उचलून पुन्हा ठेवावा लागतो, तेही नको.

डिस्प्ले सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार 125 किंवा 150 टक्के असेल तर तो 100 करा. नाहीतर नोंदलेले पिक्सेल आणि प्रत्यक्ष पिक्सेल यांचा मेळ बसत नाही आणि चौकट तुम्हाला वाटते तिथे नसतेच.

नोंद

ओपनसेसमी हे प्रयोग बांधायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला ‘माऊसट्रॅप’ हे जोडसॉफ्टवेअर लावता येतं. ते दर 10 मिलिसेकंदांनी कर्सरची जागा लिहून ठेवतं, हा वेग पुरेसा आहे. प्रत्येक ओळीत वेळ, आडवी जागा, उभी जागा. शिवाय फेरीचा क्रमांक, शब्द, डावं-उजवं लेबल, दिलेलं उत्तर आणि पडद्याचा आकार. पडद्याचा आकार लिहायला लोक हमखास विसरतात आणि विश्लेषणाच्या दिवशी डोक्याला हात लावतात.

प्रयोग ब्राउझरमधून करायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, ब्राउझर साधारण पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला एक नोंद देतो. 60 हर्ट्झच्या पडद्यावर ती 16-17 मिलिसेकंदांनी येते. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. माऊस हलला तरच ब्राउझर नोंद पाठवतो, थांबला की गप्प बसतो. समजा माणूस वाटेत 400 मिलिसेकंद थबकला. फायलीत तिथे नुसती पोकळी दिसेल. ती पोकळी दोन टोकं जोडून सरळ रेषेने भरली, तर थबकणं पुसलं जाऊन त्या जागी संथ हालचाल तयार होते. थबकणं हीच तर तुम्हाला हवी असलेली खूण होती. म्हणून नोंद आली नाही तोवर आधीची जागा कायम धरायची.

वाटांची साफसफाई

आधी चुकीची उत्तरं वेगळी काढा. ती टाकायची नाहीत, मोजायची: देवमाशाला किती जणांनी ‘मासा’ म्हटलं हा स्वतंत्र निकाल आहे. पण वाटांच्या तुलनेत फक्त बरोबर उत्तरं घ्या.

पडद्यावर उभी मोजणी वरून खाली होते, आलेखात खालून वर. तेव्हा उभ्या आकड्यांचं चिन्ह उलटवा. मग उजवीकडे संपलेल्या वाटा आरशात धरल्यासारख्या डावीकडे वळवून घ्या, म्हणजे सगळ्या वाटा एकाच कोपऱ्यात संपतील. शेवटी प्रत्येक वाटेची सुरुवात शून्यावर आणा. बटण 100 पिक्सेल रुंद असेल तर कोणी डाव्या कडेला दाबतो, कोणी उजव्या, आणि इथेच 100 पिक्सेलपर्यंत फरक पडतो.

त्यानंतर सगळ्या वाटांची वेळ एका मापात आणणं. रूढ पद्धत अशी, की प्रत्येक वाटेचे 101 बिंदू करायचे, म्हणजे 100 सारखे टप्पे. त्यामुळे लहानमोठ्या वाटांची सरासरी काढता येते. पण 900 मिलिसेकंदांच्या वाटेत एक टप्पा 9 मिलिसेकंदांचा असतो आणि 3000 च्या वाटेत 30 चा. ‘चाळिसाव्या बिंदूला मन बदललं’ असं लिहिताना ते घड्याळातलं चाळीस नव्हे, हे विसरू नका. नेमका क्षण हवा असेल तर मूळ वेळेवरच काम करा.

हे सगळं हाताने करायची गरज नाही. आर या फुकट संख्याशास्त्रीय भाषेत ‘माऊसट्रॅप’ नावाचंच पॅकेज आहे, आरसा फिरवणं, सुरुवात जुळवणं, 101 बिंदू करणं आणि मापं काढणं ही कामं त्यातल्या एकेका ओळीच्या आज्ञेत होतात. तरी पहिल्या पाच वाटा कागदावर स्वतः काढून पाहाव्यात. आरसा उलटा फिरला असेल तर तो तिथेच पकडला जातो.

मापं, एक उदाहरण करून

सर्वांत वापरलं जाणारं माप म्हणजे कमाल विचलन. सुरुवात आणि शेवट जोडणारी सरळ रेषा काढायची आणि प्रत्यक्ष वाट तिच्यापासून जास्तीत जास्त किती दूर गेली ते लंब अंतर मोजायचं.

आपल्या मांडणीत सुरुवात (0, 0) आणि शेवट (-810, 900). कोणत्याही बिंदूचं या रेषेपासूनचं अंतर काढायला आडवा आकडा गुणिले 900, अधिक उभा आकडा गुणिले 810, भागिले 1211. ‘घोडा’च्या वाटेत सर्वांत दूरचा बिंदू (-350, 500) असेल तर अंतर येतं 74 पिक्सेल. ‘देवमासा’च्या वाटेत तो (-50, 600) असेल तर 364. फरक डोळ्यांत भरणारा आहे.

आता तिसरा माणूस घ्या. तो नाकासमोर सरळ वर गेला, (0, 900) पर्यंत, आणि तिथून काटकोनात डावीकडे वळला. त्याचं विचलन येतं 602. सगळ्यांत जास्त! पण तो ‘मासा’कडे एक पिक्सेलही झुकलेला नाही. तो फक्त उत्तर लांबणीवर टाकत मधोमध चालला. अनिर्णय आणि दुसऱ्या उत्तराची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे माप त्या दोन्ही एकाच पोत्यात भरतं. म्हणून सोबत एक साधा प्रश्न ठेवा: कर्सर मध्यरेषा ओलांडून चुकीच्या बाजूला गेला का, आणि किती? आडवा आकडा शून्याच्या वर गेला तर खरी ओढ. आपल्या (-50, 600) वाल्यानेसुद्धा त्या बिंदूला ती ओलांडलेली नाही, तेव्हा 364 हा मोठा आकडा बघून लगेच हुरळून जायला नको.

वाट आणि सरळ रेषा यांच्यामधलं क्षेत्रफळ हेही माप वापरतात, ते बहुतेक वेळा कमाल विचलनासारखंच बोलतं. डाव्या-उजव्या दिशाबदलांची संख्या मोजायची असेल तर तीन-चार पिक्सेलच्या थरथरीला दिशाबदल मानू नका, नाहीतर सकाळी चहा जास्त घेतलेला माणूस सगळ्यांत द्विधा ठरेल. हालचाल सुरू व्हायला लागलेला वेळ आणि एकूण वेळ नेहमी सोबत द्या. वाट सरळ पण सुरुवात उशिरा, असं दिसलं तर ओढाताण बटणावरच झाली.

तुलना करताना आधी प्रत्येक माणसाची फसव्या आणि सरळ नावांची सरासरी काढा आणि तो फरक माणसागणिक पाहा. 80 फेऱ्या गुणिले 40 माणसं म्हणजे 3200 स्वतंत्र निरीक्षणं, असं धरणं ही चूक आहे. एका माणसाचा हात सगळीकडे तोच असतो. आणि ‘देवमासा’ विरुद्ध ‘व्हेल’ अशी मोजक्याच शब्दांची तुलना असेल तर 40 माणसं पुरत नाहीत. दोन्ही गटांत प्रत्येकी 60च्या पुढे जा, शक्य तितकं.

सरासरीने काढलेली, कोणीच न चाललेली वाट

दहा जणांपैकी सात जण सरळ गेले. तीन जण आधी तडक ‘मासा’च्या चौकटीपाशी पोचले आणि तिथून आडवे ‘सस्तन’कडे आले. सरासरी काढली की एक देखणं, सौम्य वळण मिळतं. ते बघून लेखक लिहितो, ‘मन दोन्ही पर्यायांकडे एकाच वेळी थोडंथोडं ओढलं जात होतं.’ पण असं वळण एकानेही घेतलेलं नव्हतं. सात जणांना शंकाच नव्हती आणि तिघांनी मत साफ बदललं. हे दोन निष्कर्ष मनाविषयी अगदी वेगळं सांगतात.

म्हणून सरासरीच्या आधी सगळ्या वाटा एकावर एक, फिकट रंगात काढा. पंखा उघडल्यासारख्या पसरलेल्या दिसल्या तर सौम्य ओढ. दोन वेगळे पट्टे दिसले तर दोन प्रकारची माणसं किंवा फेऱ्या. आकड्यात तपासायचं तर द्विशिखरतेचा गुणांक काढतात. तो 0.555च्या वर गेला तर दोन शिखरांचा संशय घ्यावा. तो संशयच आहे, पुरावा नव्हे, कारण आकडे एका बाजूला कललेले असले तरी हा गुणांक वर जातो. डोळ्यांनी बघणं टळत नाही.

ऐकून करायचा प्रकार

‘कँडल-कँडी’सारखा ध्वनीचा प्रयोग मराठीत करायचा तर चित्रं दोन आणि कानावर एक शब्द. इथे लिपी दगा देते. ‘चाक’ आणि ‘चाकू’ कागदावर जुळे दिसतात. पण चाकातला च दंत्य आहे आणि चाकूतला तालव्य. पहिल्याच ध्वनीला कान दोघांना वेगळं करतो, स्पर्धा सुरूच होत नाही. ‘चिमणी’ आणि ‘चिमटा’ ही खरी जोडी, दोन्हींत ‘चिम’पर्यंत काही कळत नाही. ‘गाजर-गाढव’, ‘पोपट-पोळी’ याही चालतील. प्रत्येक जोडीला एक बिनसंबंधाची जोडी हवी: चिमणी आणि टोपली.

शब्द एकटाच ऐकवा. ‘ही चिमणी’, ‘हा चिमटा’ म्हटलंत की लिंगाने उत्तर फोडलं. ‘चिमणीवर क्लिक करा’ म्हटलंत तर दुसऱ्या बाजूला ‘चिमट्यावर’ येतं, सामान्यरूपाने शब्द बदलतो आणि वाक्याची लांबीही. ध्वनिफायलींची सुरुवातीची शांतता कापून सगळ्या एकाच क्षणी सुरू होतील असं करा. 80 मिलिसेकंदांची शांतता एका फाइलमध्ये जास्त राहिली तरी ती वाटेत दिसते.

वेबसाइटवर हेच करायचं तर

दुकानाच्या किंवा बँकेच्या पानावर हे सगळं लागू पडत नाही. तिथे सुरुवातीचं बटण नाही, दोनच चौकटी नाहीत आणि लोक माऊस सोडून चहा घ्यायला जातात. जेफ ह्वांग, रायन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011-12 मध्ये शोधनिकालांच्या पानावर कर्सर आणि नजर यांचा संबंध तपासला. कर्सर नजरेच्या मागोमाग येतो, पण सगळ्या वेळी नाही. कधी तो वाचताना ओळीबरोबर फिरतो, कधी नुसताच पडून असतो. म्हणून हीटमॅपवर, म्हणजे माऊसचा वावर रंगांत दाखवणाऱ्या नकाशावर, लाल दिसलं की ‘लोकांचं लक्ष इथे होतं’ असं सांगणाऱ्याला आधी विचारा, माऊस तिथे फिरला होता की तिथे फक्त विसावला होता. उपयोगाच्या खुणा तिथे ठळक असतात: न चालणाऱ्या जागी चिडून केलेले पाचसहा क्लिक, किंवा ‘पुढे जा’ बटणाच्या तोंडाशी जाऊन परत फिरणं. दुसरी खूण दिसली तर त्या बटणाच्या वर काय लिहिलं आहे ते वाचा. बहुधा न सांगितलेलं शुल्क सापडतं.

नोकरीच्या मुलाखतीत, विम्याच्या अर्जात किंवा परीक्षेत माऊसवरून खोटं पकडण्याचे दावे विकले जातात. प्रयोगशाळेत खोटी ओळख सांगणाऱ्यांच्या वाटा सरासरीने वेगळ्या आढळल्या आहेत. पण ते गटांचे निकाल आहेत. समोरच्या एका अर्जदाराची वाट वाकडी आली म्हणून तो खोटारडा, असं म्हणणं म्हणजे एका उंच माणसावरून तो कोणत्या गावचा ते सांगणं.

परवानगी आणि अहवाल

माऊसच्या वाटा नोंदणार आहात, हे आधी सांगा. कशावरून काय मोजणार ते मात्र प्रयोग संपल्यावर सांगितलं तरी चालतं, नाहीतर लोक जपून रेघा काढतात. नाव आणि वाट एकाच फायलीत ठेवू नका. भारतात 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. अकरावी-बारावीच्या वर्गात प्रयोग लावणाऱ्यांनी हे आधीच बघावं.

अहवालात माऊसचं मॉडेल आणि डीपीआय, वेगाची खाच, ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढली का, पडद्याचा आकार, सुरुवातीची पद्धत, उत्तर क्लिकने की नुसतं टेकवून, दोन नोंदींमधलं अंतर, आणि किती फेऱ्या कोणत्या कारणाने वगळल्या, हे सगळं लिहा. आणि निकाल असा: ‘देवमासा’ वाचणाऱ्यांच्या वाटा ‘व्हेल’ वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी इतके पिक्सेल जास्त वळल्या, इतक्या फेऱ्यांत मध्यरेषा ओलांडली गेली. फरक पडला नाही तर आधी सुरुवातीचा वेळ बघा, मग ओळखीची प्रश्नावली, आणि मग त्या संगणकांवर ती विंडोजची खूण पुन्हा कोणी लावली तर नाही ना, ते.